गळक्या जॅकचा आश्विन

बाजारात झेंडूचे ढीग लागले की मला ऑइलचा वास येतो. फुलं असतात उरण नाक्याच्या फुटपाथवर आणि वास असतो आमच्या मागच्या गॅलरीत, धुण्याच्या दगडाखाली ठेवलेल्या जॅकचा. पण माझ्या डोक्यात ही दोन्ही कुणीतरी एकाच पिशवीत भरून ठेवली आहेत. एकाला हात घातला की दुसरं निघतंच. यंदाही तसंच झालं. फुलं आणि आपट्याची जुडी घेऊन घरी आले, पिशवी ओट्यावर टाकली आणि आधी गॅलरीत गेले. दगडाखालून जॅक बाहेर ओढला. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बशीएवढा काळपट डाग पडला होता. अख्खा पावसाळा त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी बसल्या बसल्या गळला होता. मी कागद बदलला आणि चिंधी शोधायला आत गेले.

ज्यांनी हा प्रकार कधी हाताळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेत शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे न सांगता पुढे जाणं जमत नाही. हायड्रॉलिक जॅक म्हणजे वीतभर उंचीची जाड लोखंडी बाटली. पोटात तेल, मधोमध गुळगुळीत पोलादी दांडा. बाजूला पाइप अडकवून तो वरखाली केला की दांडा वर सरकतो आणि त्याच्यावर गाडी उचलली जाते. पायाशी एक स्क्रू असतो, तो सैल केला की दांडा खाली बसतो. दांड्याच्या मानेशी रबराचा वॉशर. तो झिजला की तेल गळायला लागतं आणि उचललेली गाडी आपली हळूहळू खाली येते. एवढंच विज्ञान आहे. हे मला ज्यांनी शिकवलं ते जनार्दन, माझे यजमान. घरात मी त्यांना कायम ‘अहो’च म्हटलं, नाव घ्यायची हिंमत होते ती लिहितानाच. ते उरणकडचे, आगरी. मिठागरं आणि भातशेती गेल्यावर त्यांनी व्हॅन घेतली आणि पनवेलला आले. आधी शाळेची मुलं नेली, मग कंपन्यांची माणसं. दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात ते गेले. त्या आश्विनातला बराचसा वेळ आम्ही दोघांनी ह्या जॅकपाशी घालवला, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

आश्विन हा पनवेलचा मोठा फसवा महिना आहे. पाऊस गेला म्हणावं तर दुपारी कर्नाळ्याच्या सुळक्यामागून एखादा काळा ढग येतो आणि वाळत घातलेले पापड भिजवून जातो. थंडी येईल म्हणावं तर अंगाला घामाच्या धारा. जी काही भातं उरली आहेत ती पिवळी पडतात, त्यांच्यात बगळे उभे असतात आणि त्यांच्या पलीकडे लगेच निळ्या पत्र्यांची गोदामं सुरू होतात. संध्याकाळ झाली की सोसायट्या-सोसायट्यांतून गरब्याचे स्पीकर लागतात आणि एकमेकांशी भांडतात. माणसांसाठी हा सणाचा महिना. जनार्दनांसाठी मात्र तो पंक्चरचा हंगाम होता. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी असतं, तेव्हा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरवरून पडलेले खिळे आणि पत्र्याचे तुकडे चिखलात रुतून बसतात. आश्विनात चिखलाची धूळ होते आणि ते सगळे उघडे पडतात. “आता निघाले बग दात,” असं म्हणत ते नवरात्राच्या आधी जॅक बाहेर काढायचे, पुसायचे, दोनचार हात मारून बघायचे. आमच्या घरात घट बसायच्या आधी जॅक निघायचा.

आणि खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. ही पूजा म्हणजे माझ्या सासूबाईंची परंपरा. त्या मिठागरावर राबलेल्या बाई. त्यांचा दंडक असा, की हत्यार पूजायचं ते उभं करून. कोयता असो, फावडं असो, भिंतीला टेकून उभं करायचं, मग हळद. “बसलेल्या हत्याराला हळद लावली तर ते वरीसभर बसूनच राहतं,” असं त्या म्हणायच्या. लेकाने व्हॅन घेतली तेव्हा कोयत्या-फावड्यांच्या रांगेत जॅक आला. आता जॅक उभा म्हणजे काय? सासूबाईंनी विचारलं आणि जनार्दनांनी पाइप मारून दांडा होता तेवढा वर काढून दाखवला. त्यांना ते फार पटलं. तेव्हापासून दरवर्षी दांडा पूर्ण वर काढायचा, त्याच्यावर नारळाचं पाणी सोडायचं, हळदीकुंकवाची बोटं ओढायची आणि झेंडूची ओली माळ घालायची. माळ सुकून आपोआप गळेपर्यंत दांडा खाली करायचा नाही. सासूबाई गेल्या तरी हे चालू राहिलं.

आमच्याकडची हवा खारी. तीत पोलादाचा उघडा दांडा, त्यावर नारळपाणी आणि ओली फुलं. गंज चढायला एवढं पुरेसं असतं. मग तो खरबरीत दांडा खाली जाताना वॉशरला सोलत जायचा आणि दिवाळीपर्यंत जॅक गळायला लागायचा. हे कळायला आम्हांला वेळ लागला असं नाही. पहिल्याच वर्षी इक्बालभाईंनी सांगितलं होतं.

इक्बालभाई म्हणजे जनार्दनांचे जिवाभावाचे मित्र. इथल्याच मोहल्ल्यातले, तरुणपणी आखातात गाड्या दुरुस्त करून परत आलेले आणि आता उरण नाक्यापाशी छोटं गॅरेज चालवणारे. दसरा उलटला की जनार्दन जॅक काखेत मारून त्यांच्याकडे हजर. “आलास?” इक्बालभाई म्हणायचे, “तुझी देवी माझ्या गॅरेजवर फार मेहरबान हाय, जना. दरसाल गिऱ्हाईक पाठवते. अरे, फुलं खाली पायाशी ठेव. दांडा आत राहू दे, कोरडा. देवीला समजत नसेल का?”

“देवीला समजंल. आयेला नाय समजनार,” जनार्दन म्हणायचे. “तू वॉशर घाल.”

आई स्वर्गात, वॉशर हातात, आणि हे दोघे गॅरेजच्या स्टुलांवर बसून भांडतायत. शेवटी चहा यायचा. मला वाटतं, दोघांनाही ते भांडण हवं असायचं. कुत्र्याच्या शेपटीसारखं ते दरवर्षी होतं तसंच वाकडं व्हायचं.

श्रावणापासून जनार्दनांचं पोट दुखत होतं. भादव्यात निदान झालं. डॉक्टर चांगले होते, पण सांगताना आमच्याकडे न बघता फाइलकडे बघत होते, त्यावरून मी काय ते समजले. जनार्दनांनी एकच विचारलं, “गाडी चालवू ना?” डॉक्टर म्हणाले, आता नको. परत येताना मी व्हॅन चालवली. गाडी मला प्राचीने, आमच्या मुलीने, हट्टाने शिकायला लावली होती. ती खारघरला टॉवरमध्ये राहते आणि आईने कुणावर अवलंबून असू नये अशी तिची मतं आहेत. जनार्दन त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डाव्या हाताला बसले. प्रत्येक सिग्नलला त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. मी म्हटलं, “खाली भोक पडेल.” ते हसले. घराशी आल्यावर म्हणाले, “तुला गाडी येते. चाक बदली कराया येत नाय. आता ते शिकवायचं.”

“मला नको शिकायला,” मी म्हटलं.

“का?”

का, ते मला स्पष्ट माहीत होतं. जॅक लावणं हे आमच्या घरात जनार्दनांचं काम होतं. ते मी शिकले, तर त्याचा अर्थ मी कबूल केलं की पुढच्या पंक्चरला ते नसतील. मला हे कबूल करायचं नव्हतं. ना डॉक्टरांपाशी, ना देवापाशी, त्या लोखंडी बाटलीपाशी तर मुळीच नाही. प्राचीला फोन केला तर ती आपल्या परीने मदतीला धावली. “बाबांना सांग, हल्ली फोन केला की माणूस येतो गाडी दुरुस्त करायला.” मी सांगितलं. जनार्दन म्हणाले, “येतो ना. पन येईस्तवर तू रस्त्यात उभी. मोरा इसरलीस?”

मोरा मी कशी विसरेन? लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, प्राची कडेवर होती. जनार्दनांच्या मावशीला मुंबईच्या लाँचवर सोडायला मोऱ्याच्या जेट्टीवर गेलो होतो. तोही आश्विनच. मावशी गेली, आम्ही निघालो आणि जेट्टीपासून थोड्याच अंतरावर मागचं चाक बसलं. जनार्दनांनी जॅक लावला, गाडी उचलली, नट काढले, चाक ओढलं. दुसरं चाक चढवेपर्यंत गाडी इतकी खाली आली होती की चाक आत जाईना. पुन्हा पाइप मारला. पुन्हा चाक उचललं, पुन्हा गाडी खाली. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, डोक्यावर ऊन, पोर रडतंय, आणि माझा नवरा एका हाताने पाइप मारतोय, दुसऱ्या हाताने चाक ढकलतोय. जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीला हसू आवरेना. ती म्हणाली, “अरे पोरा, गाडी वर कराची का खाली, येक काय ता ठरव.” मी पण हसले. शेवटी तिच्याच घरून मासळीच्या टोपलीखालचा लाकडी ठोकळा आणला, गाडीखाली सारला, तेव्हा कुठे सुटलो. मला तो दिवस म्हणजे एक गंमत वाटत आली होती. जनार्दनांना तसं वाटलं नव्हतं, हे इतक्या वर्षांनी कळलं. “तू पोर घेऊन उनात उभी होतीस,” ते म्हणाले. “माझ्यामुलं. तशी मला अजून दिसतेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकायला खाली उतरले.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. सोसायटीच्या अंगणात बदामाचं झाड आहे, त्याच्या सावलीत व्हॅन उभी असायची. जनार्दन प्लॅस्टिकच्या खुर्चीत, अंगावर शाल, त्या उकाड्यातही. मी साडीचा पदर खोचून जमिनीवर. “बाई,” ते म्हणाले. मला शाळेत पोरं बाई म्हणतात म्हणून तेही चिडवताना तेच म्हणायचे. “बाई, धडा पयला. मागच्या चाकाला दगड. दगड नाय तर जॅक नाय.” मी दगड लावला. “आता नट. गाडी वर घ्यायच्या आधी नट ढिले करायचे.” मी पान्याला लोंबकळले, मग पाय देऊन उभी राहिले, तेव्हा नट हलला. “आता जॅक. जिथं चॅसिसचं लोखंड जाड हाय तिथं. पत्र्याखाली नाय.” आणि गाडी वर आल्यावर ते एक वाक्य रोज म्हणायचे, जसं मी वर्गात रोज पाटी पुसा म्हणते तसं: “जॅकवरच्या गाडीखाली डोकं नाय घालायचं. जॅक आपला नसतो. ठोकळा आपला असतो.”

मग जॅकचं खाणंपिणं. तेल भरायचं ते दांडा पूर्ण खाली करून, बाजूच्या भोकातून, भोकाच्या काठापर्यंत. जॅकचंच तेल घालायचं. ब्रेकचं ऑइल घातलं की रबर फुगतं आणि मग सगळंच गेलं. तेल भरलं की खालचा स्क्रू सैल ठेवून पाइप मारत राहायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते. दांड्याला तेलाची चिंधी लावायची. ठेवताना दांडा आत, जॅक आडवा न पाडता, खाली कागद. कागदावर डाग दिसला की समजायचं, त्याला भूक लागली. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा व्हायचा. गोळ्यांनी आलेली ग्लानी कुठे तरी जायची. कामवाल्या मावशी येता-जाता थांबून बघायच्या आणि म्हणायच्या, “काका आज बरे दिसतायत.”

खरं सांगते, मला ते दोन-तीन सकाळींतच आलं. अवघड काहीच नव्हतं. पण तिसऱ्या की चौथ्या सकाळी चाक चढवून झाल्यावर जनार्दनांनी विचारलं, “आता येतं ना तुला?” आणि माझ्या तोंडून निघालं, “नाही हो. मला ते नट आधी की जॅक आधी, काही लक्षात राहत नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग म्हणाले, “मग उद्या परत.”

उद्या परत. ह्या दोन शब्दांसाठी मी काहीही केलं असतं. उद्या परत म्हणजे उद्या ते उठणार, दाढी करणार, माझ्या हाताचा आधार घेऊन खाली येणार. त्यांना शिकवायचं काम आहे तोवर आजाराला थांबावं लागेल, असं माझं काहीतरी वेडं गणित झालं होतं. मग मी रोज काहीतरी विसरायला लागले. एके दिवशी दगड लावायला विसरले. एके दिवशी स्क्रू उलटा फिरवला. एकदा तर जॅक मुद्दाम पत्र्याखाली लावला, तेव्हा खुर्चीतून उठायला निघाले, इतके रागावले. मग मला भीती वाटली आणि तेवढं पुन्हा केलं नाही. येत असून न आल्याचं सोंग करणारं पोर मला वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही ओळखू येतं. पण तेच सोंग आपण करायला बसलो की आपल्याला वाटतं, कुणाला दिसत नाही.

घट बसले. मातीतून हिरवे अंकुर वर आले. रोज एक माळ चढत होती आणि जनार्दन रोज थोडे उतरत होते. खंडेनवमीला सकाळी मी देवघरात होते. त्यांनी पूजेची मांडणी स्वतः करायची म्हणून हट्ट धरला, म्हणून जॅक, पाने, पाइप, ठोकळा असं सगळं आणून मी त्यांच्यापुढे पाटावर ठेवलं आणि नारळ आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा इक्बालभाई दारात उभे होते. खंडेनवमीला दुपारच्या जेवणाला ते आमच्याकडे यायचे, त्यांच्याकडे ईदला आम्ही. ते चपला काढायच्या विसरून पाटाकडे बघत होते. मी पण बघितलं.

दांडा आत होता. जॅक पाटावर बसलेला. त्याच्यावर ना पाणी, ना कुंकू. हळदीचं एक बोट फक्त खालच्या लोखंडी पायाला, आणि झेंडूचं एकच फूल त्याच्यासमोर ठेवलेलं. दांड्याच्या डोक्याला तेलाचा हात फिरवलेला, तो चमकत होता.

किती वर्षं इक्बालभाईंनी हेच कर म्हणून डोकं फोडलं होतं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, आली एकदाची अक्कल. त्यांनी चपला काढल्या. खाली बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “जना, वर कर तो.”

“राहू दे.”

“आयेने सांगितलंय ना तुझ्या? उभं पूजायचं. वर कर. गळला तर गळू दे, मी बसलोय ना वॉशर घालायला. आजपर्यंत घातलेच ना?”

“तू हायस रे,” जनार्दन म्हणाले. “पन वॉशर घालायला घेऊन कोन यायचं तुझ्याकडं? हिनं? दरसाल?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हिच्यासाठी हाय आता तो. टिकला पायजे. आयेला मी समजावीन. भेटंलच ती.”

इक्बालभाई उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी नारळ हातात घेऊन तशीच. मला त्या क्षणी जनार्दनांचा इतका राग आला, की नारळ त्या जॅकवरच फोडावा असं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मानलं नव्हतं. रिपोर्ट, सलाईन, उतरलेलं वजन, कशानेच मानलं नव्हतं. त्या बसलेल्या दांड्याने मला मानायला लावलं. जो माणूस आईचा शब्द मोडून जॅक बसवतो, त्याने मनातली सगळी आवराआवर केलेली असते. माझ्याशी न बोलता त्यांनी ते ठरवून टाकलं होतं. जेवणात श्रीखंड तसंच उरलं.

पुढे काय काय झालं त्यातलं बरंचसं मला सलग आठवत नाही. दसऱ्याला त्यांनी प्राचीच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि तिने ते पाकिटात ठेवलं, हे आठवतं. शेजारच्या सोसायटीतली मुलं येऊन हळू आवाजात ‘सोनं घ्या’ म्हणून गेली. गरबा संपला होता आणि संध्याकाळी एकदम शांत वाटायचं. बदामाची पानं लाल होऊन व्हॅनच्या टपावर पडत होती आणि मी ती रोज झाडत होते, जणू कुणी तपासायला येणार आहे. विमानतळासाठी जो डोंगर सपाट केला, त्या बाजूने धूळ येते. ती काचांवर बसायची आणि मी त्याही पुसायचे.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या दिवसांत माझ्या हाताला काम होतं हेच माझं नशीब. गेल्या वर्षी पळस्पे फाट्याच्या पुढे भर दुपारी व्हॅनचं चाक बसलं. मी एकटीच होते. दगड लावला, नट ढिले केले, जॅक जाड लोखंडाखाली लावला, ठोकळा सारला. दोन मोटारसायकलवाले थांबून म्हणाले, “काकी, आम्ही करतो.” मी म्हटलं, “नको बाळांनो, येतं मला.” गाडी वर आली आणि जॅक जराही खाली सरकला नाही. चाक बदललं, हात पुसले, आत बसले आणि काचा वर करून खूप रडले. इतकं सोपं जमायला नको होतं असं वाटलं. थोडा तरी गळला असता, थोडी तरी खटपट करावी लागली असती, तर बरं झालं असतं. इक्बालभाईंना हे सांगितलं तर ते म्हणाले, “भाभी, सामान ठीक ठेवलं की असंच होतं. त्याचा दिमाग होता त्याच्यामागे.” आणि मग आपल्याच दुकानातल्या जॅककडे बघत राहिले.

यंदा मात्र तो गळला आहे. दांड्यामुळे नाही, वय झालं आता. मी चिंधीने त्याला पुसलं. दांडा आतच ठेवला. पायाला हळदीचं बोट लावणार आणि पुढे एक फूल ठेवणार, त्यांनी ठेवलं होतं तसं. सासूबाई मला माफ करोत. त्यांची समजूत कुणीतरी घातली असेलच.

त्या वर्षी दसऱ्यानंतर जनार्दनांना खाली उतरवणं बंद झालं. मग मी जॅक वर आणायला लागले. म्हणजे पलंगाशेजारी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर जॅक ठेवायचा आणि पाइप त्यांच्या हातात द्यायचा. ते पडल्या पडल्या विचारायचे आणि मी चुकायचे. आधी दगड का आधी नट? मी मुद्दाम उलटं सांगायचे. तेल कधी भरायचं? दांडा वर असताना, मी म्हणायचे. ते मान हलवायचे. “नाय. परत सांग.” त्यांच्या बोटांत जोर नव्हता, तरी पाइप धरलेला असायचा. प्राची दारात उभी राहून बघायची आणि आत निघून जायची. एकदा ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, “आई, त्यांना विश्रांती दे ना. कशाला दमवतेस?” मी म्हटलं, “शिकवू दे त्यांना.”

पण ती म्हणाली ते माझ्या मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गाल आत गेले होते. डोळे उघडे ठेवायला त्यांना मेहनत पडत होती आणि ते ती मेहनत करत होते, माझ्यासाठी. मी त्यांना धरून ठेवलं होतं. रोज एक चूक करून मी त्यांना उद्यापर्यंत ओढत नेत होते, आणि ते बिचारे येत होते. मला वाटत होतं आजार थांबला आहे. थांबले होते ते जनार्दन.

मी कागद अंथरला नाही. पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी हात पुढे केला, पाइपसाठी. मी त्या हातात माझा हात दिला. त्यांनी डोळे उघडले आणि रोजचं विचारलं, “आता येतं ना तुला?”

खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती दोनदा बंद पडली आणि मग सुरू झाली. त्यांनी घाई केली नाही.

“येतं,” मी म्हटलं. “सगळं येतं मला. आधी दगड, मग नट, मग जॅक, मग ठोकळा.”

ते हसले. खूप दिवसांनी, चिडवल्यासारखे.

“ठाऊक हाय, बाई,” ते म्हणाले. “पयल्या दोन दिसांतच आलं व्हतं तुला. पन सकाळ बरी जायची.”

त्यानंतर त्यांनी मला काही शिकवलं नाही.